गॅस पेटवण्याआधी

कोल्हापुरात स्वयंपाक शिकायचा म्हटलं की पोरं थेट तांबड्या रश्श्यावर उडी घेतात. मटण, खोबरं, खसखस, तीळ सगळं ओट्यावर मांडतात आणि मग मीठ कुठल्या डब्यात आहे ते आईला विचारतात. तसं नको. पहिले काही दिवस वरण-भात, आमटी, पिठलं आणि जमलं तर भाकरी, एवढंच धरा. त्याचीच ही तयारी.

बाजार थोडका करा. लक्ष्मीपुरीत भाव बरा मिळतो म्हणून पोतं उचलायचं कारण नाही. दोन किलो तांदूळ, किलोभर तूरडाळ, अर्धा किलो बेसन पुरे. आजरा घनसाळ या सुवासिक तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, शिजताना घरभर वास सुटतो, पण तो हात बसल्यावर आणा. शिकायला साधा जुना तांदूळ बरा. नवा तांदूळ तेवढ्याच पाण्यात गिच्च होतो आणि चुकलं कुठं ते कळत नाही. कांदे, लसूण, कोथिंबीर, कढीपत्ता कपिलतीर्थ मंडईतून.

ज्वारीचं पीठ मात्र साठवू नका. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि थापताना भाकरीच्या कडा फाटतात. गिरणीतून थोडं थोडं दळून आणा. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं, म्हणून पिठात आधणाचं पाणी घालायचं. त्या उष्णतेनं पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी धरून राहते. आधी चमच्यानं कालवा, हाताला सोसवेल तेव्हा मळा, आणि मळताना हयगय करू नका.

मिसळणाच्या डब्यात मोहरी, जिरं, हळद, हिंग. शेजारी कांदा-लसूण चटणीची बरणी. उन्हाळ्यात डंकावर कांडून आणलेली ही चटणी घरात असली की नवशिक्याचं निम्मं काम झालेलं असतं, कारण मिरची, कांदा, लसूण, खोबरं, धणे, गरम मसाला सगळं तिच्यातच असतं. दुसऱ्या मसाल्याच्या पुड्या घेऊच नका. एक ध्यानात ठेवा, चटणीत मीठही असतं. आमटीत आधी चटणी, मग उकळी, मग चव, आणि मीठ सगळ्यात शेवटी. चटणीचं तिखट घरागणिक वेगळं, म्हणून सुरुवात अर्ध्या चमच्यानं.

भांड्यांत कुकर, लोखंडी तवा, परात, कढई, उलथणं, सांडशी. कुकरची रिंग चिरलेली नाही ना आणि शिट्टीचं भोक तुंबलेलं नाही ना, हे आधी बघा. वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी, डाळीला तीन. डाळ फेसाळते, त्यामुळे पाण्यासकट तिचं भांडं निम्म्याच्या वर भरू नका. वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाशी झटापट नको.

गॅसच्या नळीवरची तारीख वाचा. पाच वर्षं झाली असतील तर बदला. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, आणि बाहेर येऊन गॅसगळतीच्या मदतीचा १९०६ हा नंबर लावा.

आता फोडणी. तेल तापायच्या आत कांदा चिरलेला, लसूण ठेचलेला, कढीपत्ता कोरडा पुसलेला आणि पाण्याचा तांब्या जवळ हवा. तेल तापल्यावर चिरायला घेतलं की मोहरी काळी पडलीच म्हणून समजा. मोहरी तडतडू दे, मग जिरं, हिंग, कढीपत्ता, लसूण. कांदा मऊ झाला की आच कमी करून हळद आणि चटणी, आणि लगेच पाणी. चटणी तेलात क्षणभर जास्त राहिली तरी करपते, मग आमटी कडू लागते आणि घरभर खोकला.

पिठल्याचं बेसन गार पाण्यात गुठळ्या मोडून आधीच कालवून ठेवा. भाकरी शनिवार-रविवारी करा, आई किंवा आजी शेजारी उभी असेल तेव्हा. पहिल्या भाकऱ्या जाड आणि वाकड्याच होणार. पिठल्याबरोबर त्याही खपतात. हे सगळं न विचारता जमायला लागलं की मटणाच्या दुकानात जा.