रात्रभराचे नाटक पेन ड्राइव्हवर उतरवताना

दिवाळी झाली आणि धानाची कापणी उरकली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडई म्हणजे गावची जत्रा किंवा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असलेल्या दिवशी रात्री उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाही. या नाटकांचे शूटिंग करून मंडळाला पेन ड्राइव्ह देण्याचे काम आता गावातलीच मुले करतात. त्यांना कापाकापी आणि जोडणी चांगली जमते. काम अडते ते टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर, तयार झालेले नाटक फाइल म्हणून बाहेर काढताना. म्हणून पाच तासांचे नाटक समोर ठेवून एक्सपोर्टची पद्धत येथे सांगत आहे. एडिटिंगसाठी दा विंची रिझॉल्व्ह, प्रीमियर प्रो किंवा केडेनलाइव्ह यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर वापरले, तरी बटनांच्या जागा तेवढ्या बदलतात, हिशेब तोच राहतो.

एक्सपोर्टचे बटन दाबण्यापूर्वी ही फाइल कोठे पाहिली जाणार आहे, हे मंडळाला विचारून घ्यावे, कारण पुढचे सगळे निर्णय त्या एका उत्तरावर ठरतात. एका गावात मी हे विचारले नव्हते. नाटकाची १८ जीबीची एकच फाइल तयार केली आणि ३२ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर कॉपी करायला घेतली, तर फाइल फार मोठी असल्याचा संदेश आला. तो पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, मग जागा कितीही मोकळी असो. मी तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला, फाइल बसली. पण समाजमंदिरातल्या जुन्या टीव्हीला एक्सफॅट वाचता येत नव्हते. खुर्च्या मांडून बसलेली माणसे त्या संध्याकाळी नाटक न पाहताच घरी गेली. तेव्हापासून टीव्हीसाठी द्यायचे नाटक मी फॅट३२ वर आणि तुकड्यांतच देतो.

फाइलचा आकार आधी काढता येतो. बिटरेट म्हणजे दर सेकंदाला किती माहिती साठवायची ते प्रमाण. बिटरेटला एकूण सेकंदांनी गुणून आठने भागले की आकार एमबीमध्ये मिळतो. पाच तासांचे १८,००० सेकंद होतात. ८ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिट, धरले तर १८,००० एमबी, म्हणजे १८ जीबी. १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर हे बसणार नाही. बिटरेट ६ वर आणला की चित्राचे १३.५ जीबी होतात, ३२० केबीपीएसच्या आवाजाचे साधारण पाऊण जीबी वाढते आणि काम भागते. मात्र मंचावरच्या रंगीत झगमगाटात आणि नाचाच्या प्रवेशात कमी बिटरेटला चित्र चौकोनी फुटू लागते, म्हणून मंडळाला ३२ जीबीचाच पेन ड्राइव्ह आणायला सांगणे मी पसंत करतो. ८ एमबीपीएसला साधारण तासाभराचा तुकडा ४ जीबीच्या आत राहतो. तुकडा मिनिटे मोजून पाडू नये; प्रवेश संपून पडदा पडतो आणि ऑर्गनचा सूर थांबतो, तेथेच इन आणि आउटच्या, म्हणजे तुकड्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या, खुणा कराव्यात. असे सगळे तुकडे रेंडरच्या, म्हणजे फाइल तयार करण्याच्या, रांगेत एकदम लावून देता येतात.

सेटिंगमध्ये फॉरमॅट एमपी४, कोडेक (चित्र दाबून साठवण्याची पद्धत) एच.२६४ आणि आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ ठेवावा. एच.२६५ मध्ये फाइल लहान होते हे खरे, पण जुन्या टीव्हीवर ती चालेल याची खात्री नसते. रिझोल्यूशन १९२० बाय १०८० पुरेसे आहे. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रे ते, कॅमेऱ्याचा असेल तोच ठेवावा. २५ वर केलेले शूटिंग ३० वर काढले तर पात्र चालताना बारीक झटके दिसतात. एखादा कोपरा मोबाइलवर टिपला असेल, तर मोबाइलचा फ्रेम रेट कमी-जास्त होत राहतो आणि तासाभराने ओठ व आवाज यांचा मेळ सुटू शकतो. असे क्लिप एडिटिंगला घेण्यापूर्वीच हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर काढून घ्यावेत. एक्सपोर्टच्या वेळी हा दोष सुधारत नाही.

आता विजेची गोष्ट. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका साधारणपणे अगदी शेवटी लिहिली जाते, त्यामुळे ९५ टक्के रेंडर झाल्यावर वीज गेली तरी हाती आलेली फाइल उघडत नाही. तुकडे केले असतील तर एका तुकड्याचेच नुकसान होते, हा त्यांचा दुसरा फायदा. डेस्कटॉप असेल तर तो इन्व्हर्टरवर घ्यावा, लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून घ्यावी आणि ठरावीक वेळाने यंत्र झोपी जाण्याचे सेटिंग बंद करावे. रेंडर थेट पेन ड्राइव्हवर करू नये; आधी संगणकाच्या डिस्कवर, मग कॉपी. उन्हाळ्यात लग्नांचे व्हिडिओ काढताना, ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर गेलेला असतो तेव्हा, तापलेला लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो. त्या दिवसांत पहाटेची वेळ धरावी.

नाटक यूट्यूबवर टाकायचे असेल तर खात्याची पडताळणी आधी करून घ्यावी, कारण तिच्याशिवाय १५ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चढत नाही. १८ जीबीची फाइल ५ एमबीपीएसच्या अपलोडला आठ तास घेते, तेव्हा ती रात्री लावावी. व्हॉट्सॲपवर झलक पाठवताना ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर चित्र दाबले जाऊन चेहरे पुसट होतात.

पेन ड्राइव्ह देण्यापूर्वी प्रत्येक तुकड्याची सुरुवात, मध्य आणि शेवटची दोन मिनिटे संगणकावर नव्हे, टीव्हीवर पाहावीत. फाइलींना ०१, ०२ असे शून्यासह क्रमांक द्यावेत, म्हणजे दहावा भाग दुसऱ्याच्या आधी लागत नाही. मंडळाने नाटक अखेरपर्यंत पाहून होकार कळवीपर्यंत प्रोजेक्ट आणि मूळ शूटिंग डिस्कवरून काढू नये.