ब्लीबेरी फेल ते हाय टोव्ह: हिवाळ्यातल्या पाणथळ धारेवर दिवसभर कसं चालावं

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली गर्दी हेल्वेलिन आणि स्केफेल पाइककडे धावते. केझिक गावाच्या दक्षिणेला, डरवेंटवॉटर आणि थर्लमिअर या दोन तळ्यांच्या मधोमध एक बुटकी, रुंद डोंगरधार आहे. तिकडे हिवाळ्यात फारसं कुणी फिरकत नाही. ब्लीबेरी फेल (५९० मीटर), हाय सीट (६०८ मीटर) आणि हाय टोव्ह (५१५ मीटर) हे तिच्यावरचे तीन माथे (फेल म्हणजे इथल्या बोलीत डोंगर). उंची कळसूबाईच्या निम्म्याहून कमी, पण ओल इतकी की वाटेचा बराचसा भाग दलदलीतूनच जातो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि सह्याद्रीत पावसाळी भटकंती केलेल्या मराठी मंडळींना हिवाळ्यातल्या लांब चालीसाठी मी हीच धार सुचवेन. इथली शांतता दुर्मीळ आहे, आणि ती नीट तयारी करून गेलं तरच अनुभवता येते.

अशा दिवसाचा बेत शिखरांवरून आखू नका, उजेडावरून आखा. दलदल भर उजेडात पार व्हायला हवी आणि संध्याकाळ डांबरी रस्त्यावर यायला हवी. बाकी सगळं यावरून ठरतं.

आधी उजेडाचा हिशेब

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात केझिकला साधारण साडेआठला सूर्य उगवतो आणि चारच्या आत मावळतो. आपला फेरा असा: केझिकहून वॉला क्रॅग हा कडा, तिथून दक्षिणेकडे ब्लीबेरी, हाय सीट, हाय टोव्ह, मग पश्चिमेला वॉटेंडलाथच्या वाडीत उतरायचं आणि दरीतल्या अरुंद रस्त्याने अ‍ॅशनेस पुलावरून परत केझिक. अंतर अंदाजे १९ किलोमीटर, एकूण चढ ७०० मीटरच्या आसपास.

वेळ काढायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला नियम आजही वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्याप्रमाणे हा फेरा पाच तासांचा होतो. पण तो नियम कोरड्या पायवाटेचा. ब्लीबेरी ते वॉटेंडलाथ या ओल्या टप्प्याला दीडपट वेळ धरा, खाण्यापिण्याचे थांबे मिळवा, की सात-आठ तास होतात. म्हणजे दिवस पुरतो, पण जेमतेम. म्हणून सकाळी आठला, झुंजूमुंजू असतानाच केझिक सोडायचं.

एक वेळ मात्र निघण्याआधीच पक्की करा: साडेबारापर्यंत हाय सीटवर पोहोचला नाहीत, तर पुढे जायचं नाही. तिथून पश्चिमेला थेट अ‍ॅशनेस पुलाकडे उतरणारी वाट आहे. शेवटी ओढ्यालगत ती उभी आणि निसरडी होते, तेव्हा तीही उजेडातच उतरलेली बरी. ही वेळ घरी ठरवायची, कारण वर गेल्यावर ‘आता आलोच आहोत तर’ हा विचार हटकून येतो.

हवामान कसं वाचायचं

गावाचा अंदाज इथे कामाचा नाही. माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस आणि मेट ऑफिस या दोघांचा डोंगरांसाठीचा वेगळा अंदाज पाहा. लेक डिस्ट्रिक्ट वेदरलाइन या स्थानिक हवामान सेवेसाठी तर हिवाळ्यात रोज एक जण हेल्वेलिनवर चढून बर्फाची आणि वाटेची प्रत्यक्ष स्थिती कळवतो. निघण्याआधी हे वाचायलाच हवं.

तापमानापेक्षा वारा आधी बघा. ६०० मीटरवर गावापेक्षा साधारण चार अंश जास्त गारठा असतो, तो कपड्यांनी निभावतो. पण उघड्या धारेवरचा सोसाट्याचा वारा माणसाला थकवतो. आणि सगळ्यात वाईट दिवस बर्फाचा नसतो. दोन-तीन अंशांवरचा पाऊस आणि वारा हा खरा शत्रू, कारण त्यात माणूस आतपर्यंत भिजतो. उलट चार-पाच दिवस सलग कडाक्याची थंडी पडून दलदल गोठली असेल, तर याच धारेवर सुरेख चालता येतं. फक्त दुपारी ऊन आलं की वरचा पापुद्रा फुटून पाय खाली जातो, हे ध्यानात ठेवा.

अंगावर आणि पाठीवर

सुती कपडे घरी ठेवा, जीन्स तर नकोच. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर उबदार थर, सगळ्यावर वॉटरप्रूफ जाकीट आणि पँट. घोट्याच्या वर येणारे बूट आणि त्यावर गुडघ्यापर्यंतचे गेटर्स, म्हणजे बुटात पाणी-चिखल जाऊ न देणारी पायावरची आवरणं. या धारेवर गेटर्स नसतील तर पहिल्या तासातच बुटात पाणी जातं. हातमोज्यांचे दोन जोड, लोकरीच्या पायमोज्यांचा एक जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. वाट गोठलेली असेल तर बुटांवर चढवायचे छोटे काटे.

पाठपिशवीत हेडटॉर्च आणि तिचे जादा सेल, शिट्टी, होकायंत्र, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचा ओएल४ क्रमांकाचा १:२५,००० नकाशा आणि आत शिरून बसता येईल अशी प्लॅस्टिकची जाड संकटपिशवी. मोबाइलमधला नकाशा असू द्या, पण थंडीत बॅटरी झरझर उतरते, त्यामुळे फोन आतल्या खिशात ठेवा.

खाणं असं घ्या की हातमोजे न काढता तोंडात टाकता येईल. थेपल्यांच्या गुंडाळ्या उत्तम. जानेवारीत गेलात तर गूळपोळीचे चौकोनी तुकडे करून घ्या. थर्मासमध्ये गोड चहा. वॉटेंडलाथला काही खायला मिळेल या भरवशावर राहू नका.

दलदलीत पाय कुठे ठेवायचा

सह्याद्रीत चिखल कितीही झाला तरी थोड्याच खाली कातळ लागतो. इथे चिखलाखाली पीट असतं: हजारो वर्षं न कुजता साचत गेलेल्या वनस्पतींचा काळा, पाणी धरून ठेवणारा थर. तो कधीकधी माणसाच्या उंचीपेक्षा खोल असतो. म्हणून पाऊस थांबून आठवडा झाला तरी धार ओलीच राहते.

जमिनीचा रंग वाचायला शिका. पोपटी किंवा लालसर, गुबगुबीत गादीसारखं शेवाळ दिसलं की ते स्फॅग्नम. ते आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरू शकतं, त्यावर पाय नको. काळी, चकाकणारी, गवत नसलेली जमीन म्हणजे उघडं पीट. तिथे काठी टेकवून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. गोल काड्यांच्या रश गवताचे झुपके ओलीची खूण आहेत, पण त्यांची मुळं घट्ट असतात, त्यामुळे झुपक्याच्या बुंध्यावर पाय तोलतो. हेदरची खुरटी झुडपं बऱ्यापैकी कोरड्या उंचवट्यावर असतात. सुकून तांबूस तपकिरी झालेलं ब्रॅकन नेचं दिसलं तर निर्धास्त चला. त्याला निचऱ्याची जमीन लागते.

पावलं लहान ठेवा. आधी दोन्ही काठ्या पुढे रोवा, मग पाय टाका, आणि तो पाय भार घेतोय याची खात्री झाल्यावरच मागचा उचला. उड्या मारू नका. घोटा मुरगळतो तो बहुधा पलीकडच्या झुपक्यावर अंदाज चुकून उतरताना. पाय मांडीपर्यंत गेला तर जोर लावून उपसू नका, त्याने दुसराही रुततो. पाठपिशवी काढून बाजूला टाका, काठ्या आडव्या ठेवून त्यांवर रेलून भार पसरवा आणि टाच हळूहळू हलवत पाय सोडवा. त्यात बूट निघून येऊ नये म्हणून नाड्या सकाळीच करकचून बांधलेल्या हव्यात.

वळसा घालताना मात्र थोडा विचार करा. प्रत्येकाने चिखल टाळायला आणखी बाहेरून पाय टाकला की वाट रुंदावते आणि शेवाळ मरतं. घोट्याइतकं पाणी असेल तर सरळ मधून जा, गेटर्स त्यासाठीच आहेत. कासच्या पठारावर दिसणाऱ्या दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीची भावंडं याच ओल्या जमिनींवर उन्हाळ्यात उगवतात. धारेच्या पूर्व उताराचं पाणी थर्लमिअरमध्ये उतरतं आणि थर्लमिअरचं पाणी १८९४ पासून मँचेस्टरला जातं. तिथे राहत असाल तर ही दलदल तुमच्या नळापर्यंत पोहोचलेली आहे.

धुकं उतरलं तर

हे माथे सपाट आणि एकसारखे आहेत. धुक्यात दिशा चुकायला पाच मिनिटं पुरतात. इथे धारेवरून जाणारं तारेचं कुंपण मोठा आधार आहे. ते नजरेआड होऊ देऊ नका, मग पाणी टाळायला थोडं लांबून चालावं लागलं तरी चालेल. हाय सीटवर ऑर्डनन्स सर्व्हेचा मोजणीचा खांब आहे, तिथे नकाशा काढून पुढची दिशा होकायंत्रावर लावून घ्या. हाय टोव्हच्या माथ्यावर वॉटेंडलाथहून थर्लमिअरकाठच्या आर्मबथला जाणारी जुनी वाट धार ओलांडते. तिथे पश्चिमेला वळायचं. मधेच कुठेही ‘खाली रस्ता आहेच’ म्हणून उतरू नका. दोन्ही बाजूंना कडे आहेत आणि वरून ते दिसत नाहीत.

गारठा चढू लागला तर

एकमेकांकडे लक्ष ठेवा. बोबडी वळणं, झिप लावता न येणं, विनाकारण चिडचिड, वारंवार ठेचकाळणं ही लक्षणं दिसली की लगेच थांबा. वाऱ्याच्या आडोशाला त्या व्यक्तीला संकटपिशवीत बसवा, कोरडा थर घाला, गोड खायला द्या. मद्य अजिबात नको, त्याने शरीराची ऊब उलट कमी होते.

मदत लागली तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा. ही पथकं स्वयंसेवकांची असतात आणि पैसे घेत नाहीत. कॉल लागत नसेल तेव्हा एसएमएस कामी येतो, पण त्यासाठी ९९९ वर register हा इंग्रजी शब्द पाठवून आधीच नोंदणी केलेली हवी. आजच करून टाका. शिट्टीचा संकेत: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

उतरल्यावर

वॉटेंडलाथला पोहोचलात की अवघड भाग संपला. इथेच ओले मोजे बदला, चहा संपवा, टॉर्च डोक्याला लावा. पुढचा रस्ता अरुंद आहे आणि त्यावर गाड्या येतात, म्हणून अंधारलं की टॉर्च चालू ठेवून कडेने चला.

सकाळी ज्यांना वाट आणि परतायची वेळ सांगून निघालात, त्यांना केझिकला पोहोचताच कळवा. नाहीतर ते शोधपथकाला फोन करतील. बूट धुऊन त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, रात्री एकदा बदला आणि हीटरपासून लांब वाळवा. पीटने काळे पडलेले गेटर्स वाळायच्या आत धुतले तरच स्वच्छ निघतात.