चाळीस आणि साठची सरासरी पन्नास?

चाचणीतला पहिलाच प्रश्न: गाडी ताशी ४० किमीने गेली, त्याच रस्त्याने ताशी ६० ने परत आली, तर सरासरी चाल किती? मी बेधडक ५० लिहिलं आणि पुढे सरकलो. भोपळा मिळाला. वर तोंड करून बाईंशी वाद घालायला गेलो, तर त्यांनी एवढंच विचारलं, "गाडी जास्त वेळ कुठल्या चालीने धावत होती?"

तिथे ट्यूब पेटली. एका बाजूचं अंतर ६० किमी धरा. जायला दीड तास, यायला एक. एकूण १२० किमी, अडीच तास. म्हणजे ताशी ४८. गाडी जास्त वेळ हळू धावली, म्हणून उत्तर ४० कडे झुकतं. दोन चालींची बेरीज करून निम्मं करणं चालतं, पण दोन्ही चालींना सारखाच वेळ दिलेला असेल तरच. प्रश्नात "अर्धं अंतर" आहे की "अर्धा वेळ", ते बोट ठेवून वाचा. मधे गाडी थांबली असेल तर तो वेळही एकूण वेळेत धरायचा. हे विसरणारे खूप.

आता याच गाडीचा सरासरी वेग, म्हणजे विस्थापन भागिले वेळ? शून्य. विस्थापन म्हणजे निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसकट. गाडी निघाली तिथेच परत आली, विस्थापन शून्य. मला हे कित्येक दिवस पटतच नव्हतं. एवढं पेट्रोल जाळून शून्य? पण वेगाला रस्त्याशी देणंघेणं नसतं. कुठून निघालात, कुठे पोचलात आणि कुठल्या दिशेला, एवढंच तो बघतो.

४०० मीटर परिघाच्या वर्तुळावर अर्धी फेरी ४० सेकंदांत मारली, तर चाल २०० भागिले ४०, म्हणजे ५ मी/से. विस्थापन मात्र व्यासाइतकं, सुमारे १२७ मीटर. वेग साधारण ३.२ मी/से, तोही दिशेसकट लिहायचा. सरासरी वेगाचं परिमाण (दिशा सोडून नुसता आकडा) सरासरी चालीपेक्षा जास्त येऊच शकत नाही. आलं, तर आकडेमोड पुन्हा बघा.

एवढं कळल्यावरही मी एकदा फसलो. ६० किमीचा प्रवास, पहिले ३० किमी ताशी ३० ने. सरासरी ६० यायला उरलेलं अंतर कितीने कापावं? मी ठणकावून ९० लिहिलं. सरासरी ६० हवी तर सगळा प्रवास एका तासात व्हायला हवा, आणि तो तास पहिल्या ३० किमीतच संपला होता.