जुन्या ग्राफिक्स कार्डांची तुलना आणि ओव्हरक्लॉकिंग: मराठवाड्यातील उन्हाळा गृहीत धरून

जुने ग्राफिक्स कार्ड घेताना बहुतेक जण ते किती जीबीचे आहे एवढेच विचारतात, आणि विकणाराही तेवढेच सांगतो. प्रत्यक्षात एकाच नावाखाली वेगवेगळ्या ताकदीची कार्डे विकली गेलेली आहेत. २०१६ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०६० च्या सहा जीबीच्या कार्डात १२८० कूडा कोर (चित्राची गणिते करणारे छोटे घटक) आहेत, तर तीन जीबीच्या कार्डात ११५२, म्हणजे फरक केवळ मेमरीचा नाही. एएमडीच्या आरएक्स ५८० च्या मूळ कार्डात २३०४ स्ट्रीम प्रोसेसर (एएमडीचे तसेच घटक) असतात, परंतु '२०४८ एसपी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात नावाप्रमाणे २०४८ च असतात आणि ते कार्ड वस्तुतः आरएक्स ५७० च्या तोडीचे असते. म्हणून पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याच्याच संगणकावर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर उघडून हे आकडे स्वतः पाहावेत.

त्यानंतर मेमरीचा वेग काढावा. मेमरी बसची, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातील वाटेची, रुंदी बिटमध्ये घ्यायची, तिला मेमरीच्या प्रभावी गतीने गुणायचे आणि आठाने भागायचे. जीटीएक्स १०५० टीआयची बस १२८ बिट आणि गती सेकंदाला ७ गिगाबिट आहे, म्हणजे सेकंदाला ११२ जीबी. सहा जीबीच्या जीटीएक्स १०६० साठी हाच हिशेब १९२ आणि आठ जीबीच्या आरएक्स ५८० साठी २५६ येतो. जीटी १०३० चे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे, कारण त्याच्या जीडीडीआर५ (ग्राफिक्ससाठीची वेगवान मेमरी) प्रकाराचा वेग ४८ जीबी आहे आणि त्याच नावाच्या डीडीआर४ (संगणकाची साधी मेमरी) प्रकाराचा जेमतेम १७. मात्र एनव्हिडिया आणि एएमडी यांच्या कोरची संख्या एकमेकांशी ताडून पाहू नये, कारण दोघांची रचना वेगळी आहे. तिथे आपण खेळतो तोच गेम दोन्ही कार्डांवर चालवून मिळणारे फ्रेमच, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रेच, खरे.

विजेचा हिशेबही तुलनेतच धरावा. जीटीएक्स १०६० ला १२० वॅट लागतात, तर आरएक्स ५८० ला १८५. मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट, सहा पिनच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनच्या जोडणीतून १५० वॅट मिळू शकतात. ऑफिसमधून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपच्या लहान एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर) आरएक्स ५८० चालवण्याचा हट्ट धरू नये. तिथे ६० वॅटचे जीटीएक्स ७५० टीआय किंवा ७५ वॅटचे १०५० टीआयच योग्य, आणि त्यांचे ओव्हरक्लॉकिंगही, म्हणजे कारखान्यात ठरवलेल्या गतीपेक्षा वेगाने चालवणे, बेताचेच ठेवावे.

कार्ड घरी आले की आधी ते स्वच्छ करावे. आपल्याकडची बारीक धूळ हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये अशी घट्ट बसते की पंखा काढल्यावर खाली राखाडी नमदा अंथरल्यासारखा थर दिसतो. मऊ ब्रशने तो सोडवावा, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, म्हणजे पंखा वेड्यासारखा फिरून त्याचे बेअरिंग खराब होत नाही. वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) पुसून नवी लावताना ती चिपच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पातळ पसरवावी, कारण इथे चिप उघडी असते आणि कोरडा राहिलेला कोपरा लगेच तापतो.

आता ओव्हरक्लॉकिंग. प्रथम काहीही न बदलता युनिजिन हेवन ही कार्डाची चाचणी चालवून तिचे गुण, तापमान आणि क्लॉक (चिपची गती) वहीत लिहून ठेवावेत. मग एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाला किती वीज घेऊ द्यायची ती मर्यादा) पूर्ण वाढवावी, कोर क्लॉक २० मेगाहर्ट्झने वाढवून पुन्हा चाचणी घ्यावी आणि हाच क्रम चालू ठेवावा. स्क्रीनवर ठिपके उमटले, चित्र गोठले किंवा ड्रायव्हर बंद पडला की दोन पायऱ्या मागे यावे. मेमरी त्यानंतर स्वतंत्रपणे ५० मेगाहर्ट्झच्या टप्प्यांनी वाढवावी. जीडीडीआर५ मेमरी चुकीची माहिती ओळखून ती पुन्हा पाठवते, त्यामुळे मर्यादा ओलांडल्यावर कार्ड बंद पडण्याआधीच गुण घसरू लागतात. आकडा वाढवूनही गुण कमी झाले, तर तिथेच थांबावे. विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लागू करण्याची खूण आठवडाभर तरी करू नये.

यापुढची गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो. परभणीत जानेवारीच्या रात्री मी माझ्या जीटीएक्स १०६० चे सेटिंग पक्के केले. खोलीत १८ अंश होते आणि कार्ड ६४ अंशांच्या वर जात नव्हते. एप्रिलच्या अखेरीस, पत्र्याच्या त्याच खोलीत दुपारी तीन वाजता, हिरवे चौकोन उमटून संगणक बंद पडला. हिशेब सरळ होता: खोलीपेक्षा कार्ड ४६ अंश अधिक तापत होते, आणि खोलीत ४० अंश असतील तर ते ८६ वर जाऊ पाहणार. या कार्डाची मूळ तापमान-मर्यादा ८३ आहे, म्हणजे ते आपला क्लॉक आपणच कमी करते आणि ओव्हरक्लॉकचा फायदा तिथेच संपतो. म्हणून हिवाळ्यात मिळालेल्या तापमानात उन्हाळ्याचा फरक मिळवून पाहावा, आणि अंतिम चाचणी वैशाखातल्या दुपारीच, निदान तासभर, घ्यावी. कूलरचा ओलसर झोत मात्र थेट कॅबिनेटमध्ये सोडू नये.

माझ्या मते आपल्या भागात उन्हाळ्यासाठी उलट दिशेचे सेटिंग अधिक उपयोगाचे आहे. आरएक्स ५८० चे व्होल्टेज एएमडीच्या ड्रायव्हरमधून २५ मिलिव्होल्टच्या टप्प्यांनी कमी करावे, तर जीटीएक्स १०६० ची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणावी. फ्रेम थोडेच कमी होतात, पण उष्णता आणि पंख्याचा आवाज चांगलाच उतरतो. आफ्टरबर्नरमध्ये पाच प्रोफाइल साठवता येतात. पहिल्यात हिवाळ्याचे ओव्हरक्लॉक ठेवावे, दुसऱ्यात उन्हाळ्याचे सेटिंग, आणि होळी झाली की दुसरे लावून कॅबिनेटची धूळही त्याच दिवशी काढावी.