एमआरआयवर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचा आजार कसा ओळखावा

टी१, टी२, फ्लेअर, डिफ्युजन, एसडब्ल्यूआय हे पाचही सिक्वेन्स (एमआरआयच्या वेगवेगळ्या प्रकारच्या प्रतिमा) घ्या. वेळ वाचवायला एसडब्ल्यूआय (रक्ताचे अंश काळे दाखवणारा सिक्वेन्स) गाळला, तर सूक्ष्म रक्तस्राव निसटलेच म्हणून समजा. ताजा इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग) डिफ्युजनवर उजळतो. फ्लेअरवरच्या पांढऱ्या डागांना ० ते ३ अशी फाझेकास श्रेणी (डाग किती पसरलेत याचं मोजमाप) द्या.

खरी गफलत होते ती लॅक्यून (बहुधा जुन्या छोट्या इन्फार्क्टची उरलेली पोकळी) आणि रक्तवाहिनीभोवतीच्या नैसर्गिक पोकळीत. दोन्हींचा सिग्नल पाण्यासारखाच. लॅक्यून ३ ते १५ मिमी, फ्लेअरवर बहुधा पांढरी कड. पोकळी सहसा ३ मिमीहून लहान, वाहिनीच्या दिशेने लांबट, कडेविना.

एसडब्ल्यूआयवर काळा ठिपका दिसला की लगेच सूक्ष्म रक्तस्राव म्हणून मोजू नका. स्लाइस वर-खाली सरकवा: ठिपक्याची रेघ झाली तर ती शीर. ग्लोबस पॅलिडसमध्ये (मेंदूच्या आत खोलवरचा एक भाग) दोन्हीकडे सारखा असेल तर बहुधा कॅल्शियम. सीटी पाहून ठरवा.