तुरीच्या डाळीची आसट खिचडी, शिट्टीतून पाणी न उडता

खान्देशात रात्रीला खिचडी म्हणजे तुरीच्या डाळीचीच. पण कुकरमध्ये पातळ करायला गेलं की शिट्टीतून पिवळं पाणी ओट्यावर उडतं, आणि ताटात वाढेपर्यंत खिचडी घट्ट गोळा होते. दोन्हींवर उपाय सोपा आहे.

१. १ वाटी जुना तांदूळ आणि अर्धी वाटी तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. डाळ नखाने सहज तुटली पाहिजे.

२. तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, कांदा, तिखट, हळद. कांदा लालसर होऊ द्या, खरी चव तिथेच आहे. मग डाळ-तांदूळ परता.

३. ५ वाट्या उकळतं पाणी आणि मीठ घाला. वरून चमचाभर कच्चं तेल सोडा. तेलामुळे फेस दबतो, पाणी उडत नाही. झाकण लावून मध्यम आचेवर ४ शिट्ट्या.

४. वाफ आपोआप जिरू द्या. मग पळीच्या पाठीने कडेला दाबत घोटा आणि वाटीभर उकळतं पाणी मिसळून २ मिनिटं रटरटू द्या. गार पाणी अजिबात नको, डाळ आणि पाणी वेगळं दिसतं.

पळीतून सलग ओघळली की जमली. ताटात मध्ये खळगा करून शेंगदाण्याचं तेल ओता, सोबत भाजलेला उडदाचा पापड किंवा बिबडं (ज्वारीचा पापड). तूपही चालतं, पण मला तेलच पटतं.

जपायचं एकच: कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. डाळीचा फेस शिट्टीत अडकला तर वाफ कोंडते.