वर्षाच्या गाण्यांचा आवाज एकदाचा सारखा झाला

आम्ही कॉलेजचे नऊ जण दर डिसेंबरला प्रत्येकी दोन गाणी देतो आणि मी त्यांचं एक मिक्स बनवते. यंदा पेनड्राइव्ह गाडीत लावला तर एक जुनं भावगीत इतकं हळू की आवाज 30 पर्यंत नेला, लगेच पुढे डीजेवालं गाणं सुरू झालं आणि मागे झोपलेली आई दचकून उठली, खूप वाईट वाटलं मला.

आधी मी ऑडासिटीत (आवाज संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर) नुसतं नॉर्मलाइझ, म्हणजे आवाज एका पातळीला आणणारा इफेक्ट, करून बघितलं, काहीच फरक नाही. कारण ते गाण्यातल्या आवाजाचं फक्त सगळ्यात उंच टोक मोजतं, आणि नवीन गाणी बहुतेक वेळा मुळातच दाबून सपाट केलेली असतात, म्हणजे हळू आणि मोठ्या भागांतला फरक कमी केलेला असतो, म्हणजे टोक सारखं असूनही ती कानाला मोठीच लागतात. मग त्याच इफेक्टच्या यादीत लाउडनेस नॉर्मलायझेशन दिसलं, हे कानाला सरासरी केवढं ऐकू येतं ते धरतं. उणे 14 LUFS (कानाला वाटणाऱ्या मोठेपणाचं माप, आकडा जितका खाली तितका आवाज हळू) ठेवलं तर भावगीतातली तान फाटायला लागली, म्हणून उणे 18 केलं, म्हणजे मोठी गाणी खाली आणली, हळूवालं फार ओढलं नाही. 18 गाणी एकेक करून केली, तासभर गेला.

अजून एक, व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल वापरू नका, बऱ्याचदा कुणीतरी कुठूनतरी रेकॉर्ड केलेली असते, मी दोन गाणी चांगल्या प्रतीत परत मागवली. काल पुणे ते सातारा पूर्ण ऐकलं, आवाजाच्या बटणाला एकदाही हात लावला नाही, आणि भावगीतातली बासरी पहिल्यांदा नीट ऐकू आली.